हसरा चेहरा

धाराशिवच्या कचेरीबाहेर फरिदाबी नंबराची वाट बघत बसली होती. ऐकायचं नव्हतं, पण बाकडी खेटूनच होती. शेजारी अनाथ मुलांच्या सर्वेक्षणाच्या ताई, आजीजवळ बसलेल्या दहा वर्षांच्या पोरीला विचारत होत्या.

“श्रावस्ती, आईबाबा गेल्यापासून तुला कसं वाटतं? ह्या पाच चेहऱ्यांतल्या एकावर बोट ठेव.”

“ह्यो. सगळ्यात हसरा.”

“खरंच, बाळा?”

“व्हय. लिहा.”

“आजी, तुम्ही शिकवलंत का हिला?”

“न्हाय बाई. मागच्या साली तुमच्यासारख्याच एक ताई आल्या व्हत्या. तवा रडका दावला हिनं.”

“मग?”

“त्यांनी पोटाशी धरलं हिला. परत येते म्हणाल्या. पोरगी महिनाभर दारात बसली.”

“आल्या नाहीत?”

“हसरा दावला की कुणी ‘परत येते’ म्हणत न्हाय, ताई. पुढचं इचारा.”

हे पोरगीच बोलली.