एका तिकिटात दोघं

(गोदावरीकाठचं आत्रेयपुरम. सकाळचे नऊ. चुलीवर पालथी घातलेली घागर. तायारू तिच्यावर तांदळाच्या पेजेत भिजवलेलं फडकं फिरवून कागदासारखे पातळ पापुद्रे काढतेय. समोर नवरा सूरिबाबू आणि मुलगी स्रवंती.)

सूरिबाबू : आणि हे खाली काय लिहिलंय? सोयीचे पैसे? कुणाची सोय?

स्रवंती : नान्ना, घरबसल्या तिकीट मिळतं ना, त्याचे.

सूरिबाबू : घर माझं. बसलीस तू. फोन तुझा, बोटं तुझी. मग यांनी काय सोय केली, सांग बघू?

तायारू : अहो, हळू. तुमच्या फुंकरीनं पापुद्रा फाटतोय.

सूरिबाबू : हळू कसा बोलू? तीन माणसं, एक सिनेमा, हजार रुपये! तेवढ्यात अख्खं गाव बघून आलं असतं त्या काळी, बैलांसकट!

स्रवंती : रिक्लायनर आहेत, नान्ना. बटण दाबलं की पाय वर येतात.

सूरिबाबू : पाय वर करून झोपायला घरी खाट नाही का?

तायारू : पोरीचा पहिला पगार आहे. तिला हौस आहे आई-बापाला न्यायची. तुम्ही कशाला मोडता घालताय?

सूरिबाबू : मोडता नाही, हिशेब सांगतोय. बरं, मध्यंतरात खायचं काय?

स्रवंती : पॉपकॉर्न घेऊ.

सूरिबाबू : केवढ्याला?

स्रवंती : तुम्ही त्या फलकाकडे बघूच नका.

सूरिबाबू : केवढ्याला, ते सांग.

स्रवंती : तीनशे.

सूरिबाबू : ऐकलंस, तायारू? मक्याच्या लाह्या तीनशेला! आणि तू सकाळभर आगीपुढे बसून, तूप-गूळ भरून घड्या घालतेस, तो दहा पूतरेकुलूंचा डबा मी हायवेवर दीडशेला विकतो. तरी बसमधलं गिऱ्हाईक म्हणतं, दोन वर टाका!

तायारू : मी चार पदराला बांधून घेते.

स्रवंती : अम्मा, दारात पिशव्या तपासतात.

तायारू : पिशव्या तपासतात ना? तपासू देत. माझ्या पदराला हात लावून दाखवा म्हणावं!

सूरिबाबू : त्यापेक्षा जायचंच नाही. पैसे परत माग.

स्रवंती : परत मिळत नाहीत.

सूरिबाबू : मग तू कामाला जातेस त्या दुकानातल्या पोरींना देऊन टाक.

स्रवंती : त्या येणारच आहेत. चौघी. आपल्या मागच्या रांगेत.

सूरिबाबू : त्या कशाला?

स्रवंती : कशाला म्हणजे? मी सगळ्यांना सांगितलंय, माझं नाव या सिनेमातलं आहे! एकवीस वर्षांनी पुन्हा लागलाय, नान्ना. हीरो आता केवढा मोठा झालाय, म्हणून परत आणलाय. तेव्हा तीन आठवड्यांत उतरला होता, टीव्हीवरसुद्धा कधी आला नाही. मी मुद्दाम फोनवर काही वाचलं नाही की पाहिलं नाही. तो नदीतून परत येतो, बाळाला उचलून घेतो आणि म्हणतो, "ही माझी स्रवंती!" ते मला पहिल्यांदा पडद्यावरच ऐकायचंय. लहानपणी रोज तेवढं ऐकल्याशिवाय मी झोपत नव्हते. आठवतं ना?

सूरिबाबू : आठवतं.

स्रवंती : मग?

सूरिबाबू : मग काय... हजार रुपये म्हणजे काही थोडे नाहीत.

तायारू : स्रवंती, फडकं धर जरा. अहो, इकडे बघा. संक्रांतीला भीमवरमला कोंबड्यांच्या झुंजीला जाऊन एका कोंबड्यावर दोन हजार लावलेत. तो कोंबडा पळून गेला. तेव्हा हसत घरी आलात. आज पोरीच्या हजारासाठी घाम फुटलाय. काय भानगड आहे?

सूरिबाबू : भानगड कसली? चुलीची धग लागतेय.

तायारू : चुलीपुढे मी बसलेय.

स्रवंती : नान्ना, खरंच काय झालं? तुम्हाला यायचं नाही का आमच्याबरोबर?

सूरिबाबू : यायचंय गं, पोरी. तसं नाही. कसं सांगू... तुझ्या आईनं आणि मी तो सिनेमा कसा पाहिला, माहीत आहे ना तुला?

स्रवंती : रावुलपालेमला. पैसे एकाच तिकिटाचे होते. मध्यंतरापर्यंत अम्मानं पाहिला, मग बाहेर येऊन पास तुमच्या हातात दिला, पुढचा तुम्ही पाहिलात.

सूरिबाबू : हां. मध्यंतरात बाहेर जाणाऱ्याला दारवाला पुठ्ठ्याचा पास द्यायचा. तो कुणाच्या हातात परत आला, कोण बघतंय? चांगली सोय होती ती. तिचे पैसे नव्हते.

तायारू : विषय बदलू नका.

सूरिबाबू : तर तिनं तिचा अर्धा मला सांगितला, मी माझा अर्धा तिला. सायकलवरून घरी येताना. ती मागं कॅरिअरवर, सातवा महिना. मी पॅडल मारतोय आणि सांगतोय.

स्रवंती : वादळात लाँच बुडते, हीरो वाहून जातो, खाली धवळेश्वरमच्या धरणापाशी कोळी त्याला काढतात...

सूरिबाबू : कोळी नाहीत.

स्रवंती : म्हणजे?

सूरिबाबू : कोळी नाहीत सिनेमात. कुणीच काढत नाही. तो जातो.

स्रवंती : जातो म्हणजे? कुठे जातो?

सूरिबाबू : बुडतो, बाई! ठार बुडतो! त्याची बायको दिवा घेऊन घाटावर उभी राहते, दिवा विझतो, आणि पडद्यावर पाटी येते. बाळबीळ काही नाही. स्रवंती नाही. सगळं मी रचलं. घ्या, झालं समाधान?

स्रवंती : नान्ना!

सूरिबाबू : काय करणार होतो? मी तेव्हा वाळूच्या बोटीवर कामाला होतो. रोज पहाटे नदीत. ही सात महिन्यांची पोटुशी, आणि हिनं पहिल्या भागात पाहिलेला हीरोसुद्धा लाँचवाला! मागून विचारतेय, "पुढं काय झालं हो त्याचं?" काय सांगू? बुडाला म्हणू? मग म्हटलं, परत आला. एकदा परत आला म्हटल्यावर नुसतं थोडंच थांबता येतं? मूल झालं, बारसं केलं, जेवणं घातली. नदीतून परत आला, म्हणून पोरीचं नाव स्रवंती, म्हणजे नदी, ठेवलं.

स्रवंती : आणि मग तेच माझं ठेवलंत.

सूरिबाबू : ही हट्टालाच पेटली ना! मुलगी झाली की सिनेमातलंच नाव हवं! आता मी काय म्हणणार? आज त्या चौघी मागं बसणार, तू कान देऊन बसणार आणि तुझं नाव येणारच नाही. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही माझा. हजार रुपये गेले खड्ड्यात. माझ्या पोरीचं तोंड उतरलेलं मला बघवणार नाही.

स्रवंती : अम्मा, ऐकलंस का हे?

तायारू : त्यात काय ऐकायचं? मला माहीत होतं.

सूरिबाबू : काय माहीत होतं?

तायारू : तो बुडाला ते.

सूरिबाबू : कधीपासून?

तायारू : त्याच दिवसापासून. मी बाहेर सोडेवालीच्या बाकावर बसले होते. सिनेमा सुटला आणि बाहेर पडणारी एकूण एक बाई पदरानं डोळे पुसत होती. त्यांच्या मागून तुम्ही आलात. कॉलर ओली, नाक लाल. आणि म्हणताय, "फार छान झालं, तायारू. बारशाचं जेवण झालं." बारशाच्या जेवणाला कुणी एवढं रडतं?

सूरिबाबू : मग बोलली का नाहीस?

तायारू : तुम्ही पाठमोरे होतात म्हणून तुम्हाला खोटं बोलता आलं, आणि मी मागं होते म्हणून मला रडता आलं. कालव्याच्या बांधापासून घरापर्यंत रडले. पण तुम्ही सांगत होतात ते इतकं गोड होतं की वाटलं, सांगू दे. थांबवू नये.

सूरिबाबू : अगं...

तायारू : पुढच्याच महिन्यात तुमच्या मागं लागले, बोट सोडा, बोट सोडा. तुम्ही चिडलात. म्हणालात, बायकोला हायवेवर उन्हात उभा राहून मिठाई विकणारा नवरा हवाय. आठवतं?

सूरिबाबू : आठवतं. तीन दिवस जेवलो नव्हतो तुझ्या हातचं. कारण विचारलं, तर कारण सांगेनास.

तायारू : हे कारण.

स्रवंती : अम्मा, तू रडतेयस की धूर लागतोय?

तायारू : धूर. तू का रडतेयस?

स्रवंती : मला तर फार बरं वाटतंय. आजवर मला वाटायचं, माझं नाव मद्रास-हैदराबादच्या कुणा सिनेमावाल्यानं काढलंय. ते माझ्या नान्नांनी काढलं, सायकल चालवता चालवता, अम्मा घाबरू नये म्हणून. यापुढं त्या सिनेमाची काय मातब्बरी?

सूरिबाबू : म्हणजे रागावली नाहीस?

स्रवंती : रागावलेय ना. तुम्ही असले लेखक, आणि पूतरेकुलू विकत बसलात!

सूरिबाबू : हां, आता कसं! मग चला तर! निघा! हजार तर हजार!

तायारू : मला शेवट बघवायचा नाही बाई. असं करू, मध्यंतरापर्यंत बसू आणि उठू. पुढचं तुम्ही सांगा, बाहेर बसून.

सूरिबाबू : हजार देऊन अर्धा सिनेमा? ...बरं, चालेल! नाहीतरी पहिला भाग मी कुठं पाहिलाय? एकदाचा तो कॉफी करताना तरी दिसेल मला. एकवीस वर्षं त्या माणसानं मला पहाटे साडेचारला उठवलंय!

स्रवंती : कुठली कॉफी?

सूरिबाबू : तुला नाही माहीत? अगं, पहिल्या भागात तो हीरो रोज पहाटे लाँचवर उठतो, चूल पेटवतो, आणि बायकोला अंथरुणात कॉफी नेऊन देतो. तुझी आई म्हणाली, अख्ख्या थिएटरातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग मला लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं, ते आजतागायत चाललंय. होय की नाही, तायारू?

तायारू : काय म्हणत होतात, त्या लाह्या तीनशेला?

सूरिबाबू : लाह्यांचं राहू दे.

तायारू : राहू कसं दे? जरा जास्तच होतंय हे. शिवाय पन्नास पापुद्रे काढायचे राहिलेत. माझी कंबरसुद्धा...

स्रवंती : अम्मा.

तायारू : काय?

स्रवंती : लाँचवर चूल असते ना?

तायारू : असते की.

स्रवंती : आणि तो कॉफी करतो?

तायारू : चूल आहे म्हणजे कधीतरी कुणीतरी करतच असेल ना.

सूरिबाबू : तायारू! माझ्याकडे बघून बोल!

तायारू : सातवा महिना होता हो. पहाटे उठवायचं नाही मला. नुसतं मागितलं असतं, तर तुम्ही म्हणाला असतात, जगात कुठला नवरा करतो असलं? म्हटलं, एक दाखवावा.

सूरिबाबू : आणि त्या टाळ्या?

तायारू : त्या मीच वाजवल्या, मनात.

सूरिबाबू : एकवीस वर्षं! पावसात, थंडीत, तापानं फणफणलो तरी उठलो! दूध उतू गेलं तर तूच मला म्हणायचीस, "त्याचं नाही हो जात उतू!" त्याचं कसं जाईल? त्यानं ठेवलंच नव्हतं! आणि मी मेला रात्रभर तळमळतोय, बायकोशी खोटं बोललो म्हणून!

स्रवंती : नान्ना, हसू नका एवढं, ठसका लागेल. अम्मा, पाणी दे त्यांना. देवा, मग त्या सिनेमात आहे तरी काय?

तायारू : कोण जाणे! आम्ही दोघांनी पुरता कुठं पाहिलाय?

स्रवंती : मग आज पुरता बघायचा. पाटी येईपर्यंत. मध्यंतरात उठायचं नाही.

तायारू : आणि तुझ्या त्या चौघी? नाव आलं नाही तर हसतील ना.

स्रवंती : हसू देत. सांगेन, पडद्यावरचा शेवट चुकलाय. खरा माझ्या नान्नांना माहीत आहे, बाहेर चला, ऐकवतात. सांगाल ना, नान्ना?

सूरिबाबू : सांगीन की! कोळ्यांसकट सांगीन. आता तर आणखी दोन कोळी घालतो.

तायारू : तो बुडायला लागला की माझा हात धरा म्हणजे झालं.

सूरिबाबू : आधीपासूनच धरतो. या वेळी शेजारीशेजारी आहोत.

स्रवंती : अकराची राजमंड्री बस आहे, मग एकदम बारालाच. अम्मा, घागर उतरव, साडी बदल. ती जांभळी नेस. अहो नान्ना, तुम्ही कुठं निघालात?

सूरिबाबू : आत. कॉफी टाकतो तिघांची. तिथं दोनशेच्या खाली मिळायची नाही.