ते हयात असेपर्यंत

नाही, पण मला सांगा, माणसं घटस्फोट घेतात कशासाठी? तोंड पाहायला नको म्हणूनच ना? मग मी दर महिन्याला अकोल्याच्या ट्रेझरीसमोर कोणाची वाट पाहत उभी असते? ह्यांची! ह्यांची म्हणजे कमलाकांतची... आता नाव घेता येतं बाई, तेवढा एक फायदा! तेवीस वर्षांचा संसार, त्यात हा माणूस जंगलखात्यात धारणीला नि मी इकडे जुन्या शहरात. सुट्टीत यायचा तो घरी पिशवी टाकून थेट पत्ते कुटायला! तेव्हा भेट होत नव्हती, आता चुकत नाही. आणि कायद्यानं आम्ही एकमेकांचे कोणी नाही!

हे रिटायर झाले नि मागोमाग कोर्टाचा निकाल लागला. मी वकिलांना म्हटलं, वसंतराव, माझी पोटगी पेन्शनीतून परस्पर कापून द्यायला सांगा. तर चष्मा पुसत म्हणतात कसे, "प्रमोदिनीबाई, पेन्शनीला कोर्टाची जप्ती लागत नसते. ती त्यांच्याच हातात पडणार. तुम्ही फक्त ट्रेझरीच्या खिडकीशी हजर राहा!" झाली तडजोड! पेन्शन हातात पडली की तिथल्या तिथे तिसरा हिस्सा मला, ते हयात असेपर्यंत... मी लगेच मान डोलावली हो! भांडणाच्या भरात 'हयात' शब्दाकडे कोण बघतं?

आता ट्रेझरीतला शिपाई देवराव मला लांबून पाहिलं की ओरडतो, "साहेब, तुमची मालकीण आली पाहा!" म्हटलं, अरे मालकीण कुठली, सोडलं मी ह्यांना! तर म्हणतो, "मंग दर महिन्याले काहून येता?" काय सांगू त्याला, कपाळ?

त्यात यंदा थंडीत ह्यांचा दमा उसळला. पेन्शनर खिडकीशी स्वतः दिसला पाहिजे ना! मग कोणी टांग्यात घातलं? मी. कोणी दंडाला धरून उभं केलं? मी! लग्नात सप्तपदीला सुद्धा इतकं घट्ट धरलं नव्हतं. घरी येऊन अडुळशाचा काढा चुलीवर ठेवला, तर शेजारच्या पार्वताबाई कुंपणावरून, "काहून वो बाई, सोडलं ना त्याले? मंग काढा कोणासाठी उकळून राह्यल्या?" आणि कायद्यानं आम्ही एकमेकांचे कोणी नाही!

पुढचं ऐका. ट्रेझरीतले कारकून म्हणाले, आता नवा नियम आलाय, पेन्शनर गेला तरी मागे बायकोला पेन्शन मिळते. मी अशी खुलले! तर म्हणतात, "बायकोला, बाई. सोडलेल्या बायकोला नाही." म्हणजे आणखी चार वर्षं दात-ओठ खाऊन नांदले असते तर विधवा म्हणून सुखात राहिले असते!

हे मला कळलं, ते ह्यांनाही कळलं. खोकता खोकता म्हणाले, "मग... पुन्हा लग्न करायचं का?" अहो, जन्मात पहिल्यांदा कोणी मला विचारलं! मागच्या वेळी सगळं आमच्या वडिलांनी परस्पर ठरवलेलं. मी लाजायचं की रडायचं? सगळा अभिमान गिळून कारकुनाकडे गेले. त्यानं मान सुद्धा वर केली नाही. "रिटायर झाल्यावरचं लग्न आम्ही धरत नाही." संपलं! म्हणजे सरकारच्या हिशेबी आम्ही कोणी नाही ते नाहीच.

परवा डॉक्टर म्हणाले, छातीही थकली आहे, जपा. आता दुपारच्याला ह्यांच्या भाड्याच्या खोलीत जाते, पेज भरवते, श्वास चालू आहे ना ते बघत बसते. काल माझं तोंड बघून ह्यांनी गोधडीतून हात बाहेर काढला नि म्हणाले, "घाबरू नकोस. मी इतक्यात मरत नाही, शब्द देतो."

तुम्हाला सांगते, तेवीस वर्षांत ह्या माणसानं दिलेला एक शब्द पाळला नाही... आणि ह्या एका शब्दावर माझी चूल आहे!