मुकादमाचा उन्हाळी कट

...आणि वर मलाच विचारतात, "एवढासा तो कुत्रा, त्याचं तुला काय जड झालं रे?" एवढासा! तुम्हाला सांगतो, ज्यांनी पॉमेरेनियन फक्त लांबून बघितलाय त्यांनी "एवढासा" म्हणूच नये, कारण बाहेरून तो एवढासा नसतोच, बाहेरून तो चांगला उशीएवढा असतो, आणि आतून किती असतो ते मी बघितलंय... बघायला नको होतं, कुणीच बघू नये, पण बघितलं. माझा हेतू चांगला होता. हे आधीच सांगून ठेवतो, नंतर मला कुणी बोलू देत नाही.

तर कुत्रा आत्याचा. मी आत्याकडे राहतो, वरच्या खोलीत. खाली आत्याचं शिवणकाम, दोन मशिनी, एक कापायचं टेबल, आणि टेबलाखाली मुकादम. मुकादम म्हणजे कुत्रा. नाव आत्यानेच ठेवलं, कारण तो स्वतः काडीचं काम करत नाही, पण दुसरा कुणी करत असेल तर समोर उभा राहून ओरडतो. पाण्याचे कॅन आले, ओरड. मी केर काढतोय, ओरड. मी केर काढत नाहीये, जास्त ओरड! वजन किती? तीन किलो. आणि स्वतःबद्दलची समजूत? तीनशे किलो. समोर म्हशीएवढा कुत्रा आला तरी हा छाती काढून पुढे, आणि तो म्हशीएवढा कुत्रा बिचारा मालकिणीच्या मागे.

मला वरची खोली मिळाली ती मुकादमाच्या जिवावर. आत्या म्हणाली होती, "भाडं नको, त्याचं बघ. त्याला काही झालं तर पेटी उचलायची." मी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असतो, पेटी उचलून जाणार कुठे? वडलांच्या घरी? तिथे माझ्या खोलीत आता व्यायामाची सायकल आहे. तिच्यावर कुणी बसत नाही, पण ती आहे.

आता आत्याच्या मुलीने घर बदललं म्हणून आत्या तिकडे निघाली दहा दिवस. जाताना फ्रीजवर कागद चिकटवला. मुकादमाची निगा. एक, गळ्यात पट्टा नको, अंगात घालायचा पट्टाच वापरणे, त्याची श्वासनळी नाजूक आहे. दोन, पलंगावरून उडी मारू न देणे, गुडघे नाजूक आहेत. तीन, दात रोज घासणे, दात नाजूक आहेत. अहो मग धडधाकट काय आहे? आवाज! चार, केस रोज विंचरणे, वरवर नाही, मुळापासून, पदर बाजूला करून करून, जसं आपण वहीचं एकेक पान उलटतो तसं. कारण याला दोन थर असतात. वरचा लांब, सरळ. आतला लोकरीसारखा, दाट. भाच्याने चाळीस मिनिटं रोज विंचरायचं. भाच्याचे स्वतःचे केस चार सेकंदांत होतात.

असे सोळा मुद्दे. खाली बारीक अक्षरात, "मागे पाहा". मी मागे पाहिलं. खरंच पाहिलं. माझ्या मागे मोरी होती, कपड्यांची बादली होती. म्हटलं असेल काहीतरी धुवायचं. धुतलं. कागदाच्या मागे पाहायचं असतं हे कुणी सांगितलं? कागद चिकटवलेला होता!

तीन दिवस सगळं झकास. चौथ्या दिवशी दुपारी ऊन असं, की डांबर चपलेला चिकटून घरापर्यंत आलं. आणि मुकादम फरशीवर चारी पाय पसरून, जीभ बाहेर, हा-हा-हा-हा. मी पंख्याखाली बनियनवर. त्याच्याकडे बघितलं आणि तुम्हाला सांगतो, मला भरून आलं. म्हटलं, आपण बनियनवर आणि हा बिचारा दोन-दोन स्वेटर घालून! माणूस म्हणून काही जबाबदारी आहे की नाही? हेतू बघा माझा. हेतू किती चांगला होता.

कोपऱ्यावर माझ्या मित्राचं सलून. शाळेपासून त्याला आम्ही वस्तारा म्हणतो. फक्त पुरुषांचं सलून. मुकादम पुरुषच आहे. मी त्याला खुर्चीवरच्या पाटावर बसवलं, वस्ताऱ्याने मागून पांढरं कापड बांधलं, मान जरा पुढे केली आणि सवयीने विचारलं, "कसे ठेवू?"

म्हटलं, "उन्हाळी."

"बाजूने बारीक आणि वर थोडे?"

"अरे त्याला वर कुठलं आणि बाजू कुठली?"

"मग एक नंबर मारतो," म्हणाला, आणि मशीन सुरू. आणि याचं तोंड काही बंद राहत नाही. "काय म्हणतंय काम? आवाज बसलाय वाटतं?" हे मला नाही, मुकादमाला! आणि मुकादम आयुष्यात पहिल्यांदा गप्प, आरशात बघतोय. केस पडतायत, पडतायत, पडतायत... खाली ढीग झाला. ढीग कुत्र्यापेक्षा मोठा झाला. पाटावरचं प्रकरण लहान होतंय, अजून लहान होतंय... मी ओरडलो, "अरे थांब, संपेल तो!"

थांबला. कापड काढलं. पाटावर एक गुलाबीसर, चार काड्यांचं, शेंगदाण्याच्या डोक्याचं काहीतरी बसलं होतं, आणि शेपूट म्हणून एक दोरी. वस्ताऱ्याने कापड झटकलं. मग म्हणाला, "मागून आरसा दाखवू का?"

घरी आल्यावर मला वाटलं आता याला गार वाटेल, उड्या मारेल. तो गेला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. पाण्याचे कॅन आले. गप्प. मी मुद्दाम केर काढला. गप्प. मी मुद्दाम केर काढायचा थांबलो. तरी गप्प! आणि धाप? होती तशीच. उलट वाढलेली!

उचलला आणि डॉक्टरबाईंकडे नेला. जनावरांच्या डॉक्टर, चष्मा कपाळावर, आवाज शांत. त्यांनी बघितलं, मला बघितलं, परत त्याला बघितलं.

"कुणी केलं?"

"सलूनमध्ये."

"माणसांच्या?"

"हेतू चांगला होता, डॉक्टर."

त्या म्हणाल्या, "ते स्वेटर नव्हतं. ते घर होतं त्याचं. त्या दोन थरांत हवा अडकते, ती ऊनही आत येऊ देत नाही आणि थंडीही. तुम्ही उन्हाळ्यात त्याच्या घराचं छप्पर काढलंत." मी विचारलं, कधी येतील? म्हणाल्या, "सहा महिने, वर्ष, दीड वर्ष. काहींचे पूर्वीसारखे येतच नाहीत." सावलीत ठेवा, अंगात सुती काहीतरी घाला, फिरवायचं ते पहाटेच. घरी आलो, फ्रीजवरचा कागद ओढून काढला, उलटा केला. मागे एकच मुद्दा. सतरा. "केस कधीही कापू नयेत." खाली दोन रेघा.

आता दोन रेघा मारणाऱ्या बाईला फोनवर काय सांगणार? आणि तिचा रोज संध्याकाळी फोन, चेहरा दाखवणारा! "दाखव रे माझं बाळ." पहिल्या दिवशी म्हटलं झोपलाय. दुसऱ्या दिवशी झोपलाय. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मेलाय का?" तेव्हा माझं डोकं चाललं. बाथरूमबाहेर एक पायपुसणं असतं, पांढरं, लांब लोकरीचं, मऊ. धुतलं, वाळवलं, मुकादमाला त्यात गुंडाळलं, नुसतं तोंड बाहेर. आणि फोन जरा लांब धरला. खोटं कशाला बोलू, झकास दिसत होता.

"अगो बाई, सोन्या माझ्या! जाड झाला का रे?"

"लाड केले, आत्या."

"विंचरतोस ना?"

"मुळापासून."

मग तिने पर्स उघडली. चष्मा लावला. तो चष्मा मीच दिलाय तिला, आमच्या दुकानातून, उत्तम काच, आणि त्याचा मला त्या क्षणी जेवढा पश्चात्ताप झाला तेवढा कशाचाच नाही. फोन डोळ्याजवळ घेतला आणि म्हणाली, "त्याच्या मानेवर टीप कसली आहे?"

"टीप?"

"मशीनची टीप. दुहेरी. निळ्या दोऱ्याने. ते पायपुसणं मी शिवलंय."

बाकी कुणाही माणसाला फसवता येतं हो, शिंप्याला कापडात फसवता येत नाही. फोन कट. दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या दारात.

मला वाटलं आता आवाज, आदळआपट, पेटी. काही नाही. खुर्चीत बसली. मुकादम भिंतीकडून उठला, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून उठला, काड्यांच्या पायांनी चालत गेला आणि तिच्या मांडीवर चढून तोंड पदरात खुपसलं. तिने त्याच्या उघड्या पाठीवरून हात फिरवला. बराच वेळ. मग माझ्याकडे बघितलं.

"हेतू चांगला होता ना तुझा?"

"हो आत्या, अगदी."

"माझाही चांगलाच आहे. चल."

वस्ताऱ्याने मला त्याच पाटावर बसवलं. पाट लागत नाही मला, पण आत्या म्हणाली पाटावरच. "एक नंबर," ती म्हणाली. दोन मिनिटांत मी आरशात उकडलेल्या अंड्यासारखा. आणि मग नियम सांगितला. दर रविवारी चहानंतर दोघांचे केस मोजायचे. "त्याच्यापेक्षा तुझे सूतभरही जास्त नकोत. वरची खोली हवी असेल तर." आणि टेप गळ्यातच असते तिच्या, शोधावीही लागत नाही.

मग काय! दर रविवारी आम्ही दोघं कापायच्या टेबलावर शेजारी शेजारी. तो उभा, मी वाकलेला. माझे भरभर वाढायचे, त्याचे वाढायचेच नाहीत. दर सोमवारी वस्तारा. दुकानात गिऱ्हाईक चष्मा लावून बघायचं तर मलाच आधी विचारायचं, "बरंय ना सगळं?" मी म्हणायचो, कुत्र्याचं जरा नाजूक आहे. पुढे कुणी विचारत नसे. पण तुम्हाला सांगतो, त्या कुत्र्याला मी जेवढं जपलं तेवढं मला माझ्या आईने जपलं नसेल. पहाटे फिरवणं, आत्याने शिवलेला सुती सदरा रोज धुणं, मऊ ब्रशने हलक्या हाताने पाठ चोळणं. स्वार्थ हो! प्रत्येक सूत माझं होतं.

तिसऱ्या महिन्यात आतली लोकर आली. दिसायला टेनिसचा चेंडू. पाचव्यात वरचे केस. आणि एके दिवशी मी केर काढत असताना, अचानक मागून, भो! आत्याने मशीन थांबवलं. मी केरसुणी तशीच धरून उभा. परत भो! भो! भो! काय शिव्या घातल्या त्याने मला! आत्या पदराने डोळे पुसत होती. मीही. पण माझ्या डोळ्यांत केर गेला होता.

सातव्या महिन्यात डॉक्टरबाईंनी तपासलं. शेपूट परत पिसाऱ्यासारखं पाठीवर, छातीला झालर, म्हणाल्या, "नशीबवान आहात." मग पाठीवर डाव्या बाजूला केसांचा पदर बाजूला केला. "हा एवढा, कोटाच्या बटणाएवढा भाग... इथे आता येतील असं वाटत नाही. काही बिघडत नाही, बाकीच्या केसांखाली झाकून जाईल."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. आत्याने तिथेच त्या भागाला टेप लावली. घरी आल्यावर मला खुर्चीत बसवलं, टेप घेतली, कानापासून मोजलं, मानेपासून मोजलं, मग कापडावर खुणा करायचा तो खडू घेतला आणि माझ्या डोक्यावर एक गोल काढला.

म्हटलं, "आत्या, निदान मधोमध काढ. लोकांना वाटेल टक्कल पडतंय. डावीकडे कसं दिसेल?"

"त्याला डावीकडेच आहे."

आता वस्तारा सोमवारी तेवढाच करतो. खडूची खूण आंघोळीला जाते म्हणून आत्याने पुठ्ठ्याचा मापाचा गोल कापून दिलाय. पाकिटात असतो. हा बघा.