खतिजाचा नव्या वर्षाचा नेम

रत्नागिरीतल्या वाचनालयाच्या रांगेत दोघी मैत्रिणी पुढे होत्या. मागे कमलाक्का कान देऊन उभ्या.

"खतिजा, वर्षभर रहस्यकथा वाचल्यास आणि प्रत्येक खुनी आधीच ठाऊक?"

"उर्दू शाळेत शिकले ना गो! हात पुस्तक मागूनच उघडतो. नजर थेट शेवटच्या पानावर!"

"कठीण आहे बाई तुझं!"

"हसू नको, गोदा. नव्या वर्षात एक तरी खुनी मला शेवटीच कळायला हवा."

"मग हे ने. शेवटची पानं टाचून देते. मी वाचलंय."

"तोंडही टाचून ठेव."

"मी कशाला सांगत्येय, त्या गरीब डॉक्टरनेच..."

"गोदा! आता तू न वाचलेलं काढ."

"या कपाटात? मिळायचं नाही!"

कमलाक्कांनी हातातलं पुस्तक पुढे केलं.

"हे घ्या. वर्षभर माझ्याच उशाशी होतं. रोज दुसऱ्याच पानावर झोप लागते, शेवट मलाही ठाऊक नाही."