‘चिमटा’ न काढलेला दिवस

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आमचे संपादक, ‘चिमटा’ या सदराचे लेखक, म्हणजे आम्हा सर्वांचे चिमटेकाका, त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू, आणि शेवटच्या रांगेतूनही मनापासून हसणाऱ्या वाचकहो,

काकांच्या शेजारच्या टेबलावर बसून मी उपसंपादकाचं काम शिकले. विनोद कसा लिहायचा, असं विचारलं की ते म्हणत, “ज्याला टोचायचं त्याची आधी भरपूर स्तुती करायची. बारीकशी गोष्ट डोंगराएवढी करायची. आणि आपला चेहरा मात्र सरळ ठेवायचा!” व्याजस्तुती, अतिशयोक्ती ही नावं मला नंतर पुस्तकात भेटली. पण ही सगळी हत्यारं काकांनी एकदाच खाली ठेवली. मला आज त्याच दिवसाबद्दल बोलायचंय.

झालं असं, की नदीवरच्या जुन्या पुलाचे कठडे मोडले होते आणि कोणी ढुंकून बघत नव्हतं. काकांनी लिहिलं, ‘आपल्या पुलाचा मधला खांब फार विनयशील आहे. कोणीही जाऊ दे, तो किंचित वाकून नमस्कार करतो. हा गुण वरिष्ठांमध्येही उतरावा.’ गावभर हशा पिकला. दुसऱ्या दिवशी पुलाचे अभियंते तणतणत आमच्या कार्यालयात आले. साहेब आज व्यासपीठावर आहेत. साहेब, हसताय ना? मग सांगते पुढे.

“खांब वाकतो म्हणे! आत्ता जाऊन मोजतो, आणि उद्या माफी छापायची!” असं बजावून ते गेले. परतले तेव्हा चेहरा उतरलेला. आल्या आल्या पाणी मागितलं.

“काय हो, किती वाकलाय?” काकांनी मिश्कीलपणे विचारलं.

“थट्टा नको. खरंच वाकलाय.”

काकांच्या हातातला पेला तसाच राहिला. खांबाचं त्यांनी आपल्या मनानं रचलं होतं हो!

साहेबांनी लगेच पुलावर अडथळे लावले. पण लोक काय करत? अडथळे सरकवत, खांबाला वाकून नमस्कार करत आणि हसत हसत पलीकडे जात! ‘साहेबांनी काकांचा विनोद फारच मनावर घेतला,’ असं जो तो म्हणू लागला. शेवटी साहेब पुन्हा आले. “माझं कोणी ऐकत नाही. तुमचं वाचतात. आता तुम्हीच सांगा.”

काका लिहायला बसले. एक कागद फाडला, दुसरा फाडला. प्रत्येक वाक्याला शेवटी शेपूट फुटायचं आणि ते हसायला लागायचं. घामाघूम झाले. तेवढ्यात काकू जेवणाचा डबा घेऊन आल्या.

“एवढं काय अडलंय? म्हणायचंय काय तुम्हाला?”

“पूल पडेल. माणसं मरतील.”

“मग तेवढंच लिहा की!”

दुसऱ्या दिवशी ‘चिमटा’मध्ये एवढंच होतं: ‘पूल पडणार आहे. मी थट्टा करत नाही. लांबच्या रस्त्यानं जा. घरी तुमची वाट बघतात.’

लोकांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं, विनोद शोधला. तो सापडेना, तेव्हा मात्र त्यांची पाचावर धारण बसली. पूल ओस पडला. आणि दुपारी मधला खांब खचला, पुलाचा अर्धा भाग नदीत गेला.

साहेबांचा फोन मीच घेतला. ते म्हणाले, “कोणी नव्हतं. काकांना सांगा, पुलावर कोणीसुद्धा नव्हतं.” मी सांगितलं. काका मटकन खुर्चीत बसले आणि हसू लागले. मग डोळे पुसू लागले, मग पुन्हा हसू लागले. कोणीही विनोद केलेला नसताना आमचं अख्खं कार्यालय त्या दिवशी पोट धरून हसलं.

संध्याकाळी साहेब म्हणाले, “आता माझ्यावर हवं ते लिहा.” काकांनी पुढच्याच आठवड्यात लिहिलं, आणि साहेब पुन्हा तणतणत आले. तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला.

असो. संपादकांनी मला बोलायची संधी दिली, काकूंनी काकांना आमच्या वाट्याला येऊ दिलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, सर्वांची मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनानं सांभाळून घ्या.

आणि काका, तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते. पूल पडला त्याच वेळी रोज त्यावरून शाळेची गाडी जायची. त्या दिवशी ती लांबच्या रस्त्यानं आली. उशीर झाला म्हणून माझी लेक घरभर कुरकुर करत होती, आणि मी नुसती ऐकत होते.