सूर्याआधी जन्मलेली पृथ्वी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमच्या तारांगणाचे आदरणीय संचालकसाहेब. व्यासपीठावर दाटीवाटीने विराजमान झालेले मान्यवर. प्रोजेक्टर सांभाळणारे माझे सहकारी. आणि खास रजा टाकून आलेले आमचे यजमान, सर्वांना नमस्कार.

माझ्याबद्दल इतकं गोड बोललं गेलं, की क्षणभर कळेना, मी निवृत्त होतेय की वारले? अहो, मी केलं काय? घुमटाखाली दिवे मालवले की विश्वाच्या जन्माची गोष्ट सांगितली. आधी सगळं अतितप्त, दाट होतं. ते पसरलं, निवलं. तारे पेटले, विझले. मग कितीतरी काळाने वायू आणि धुळीचा एक ढग आकसला, मध्ये सूर्य आकाराला आला, आणि भोवती उरलेली धूळ एकमेकांवर आपटत, चिकटत आपली पृथ्वी झाली. उरल्यासुरल्या मालातून झालेल्या या गोळ्यावर आपण पहिल्या रांगेतल्या खुर्चीसाठी रुसतो, ते सोडा.

अडचण अशी, की आमच्याकडचे प्रमुख पाहुणे दहाव्या मिनिटाला उठतात. विश्व निवेपर्यंत त्यांना दम कुठला? साहेबांनी तोड काढली. पृथ्वी आधी दाखवायची, म्हणजे पाहुण्यांना निदान आपला ग्रह बघून जाता येईल. सूर्य नंतर. आणि विश्वाचा आरंभ? तो शेवटी, टाळ्यांसाठी!

मी म्हटलं, "साहेब, लग्नाआधी बारसं होतंय."

साहेब म्हणाले, "बाई, अंधारात कोणाला कळतंय?"

गेल्या महिन्यात एका शाळेच्या शिक्षिका खेळ चालू असतानाच उभ्या राहिल्या. "सूर्याच्या आधी पृथ्वी? मुलांना मी काय सांगू?" साहेबांनी मागच्या दारातून उत्तर दिलं, "वेळेअभावी, म्हणून सांगा." वा! सूर्याला उशीर झाला तो वेळेअभावी! एवढं सोपं कारण, आणि शास्त्रज्ञ बिचारे उगाच दुर्बिणीला डोळे लावून बसले.

त्याच उलट्या क्रमाने माझं निवेदन ध्वनिमुद्रित करून ठेवलंय. उद्यापासून रोज तेच लावायचं, अशी योजना आहे. फक्त माझी संमती हवी, आणि ती मी पुष्पगुच्छ घेताना जाहीर करावी, असं सुचवण्यात आलंय. मोह होतोय, खोटं कशाला बोलू? यजमान घरून निघताना म्हणाले, "दे गं, निदान तुझा आवाज तरी तिथे राहील." उद्या तिथे दिवे मालवतील आणि मी नसेन, हा विचार सकाळपासून मनातून जात नाही.

पण अंधारात बसलेल्या माणसाला दुसरं काय दिसतं? तो नुसता आवाजावर विश्वास टाकून मान वर करतो. त्याला मी, वरच्या खुर्च्यांची सोय म्हणून, खोटं सांगू? साहेब, पुष्पगुच्छ घेते, सुंदर आहे. संमती देत नाही.

आयोजकांचे, सहकाऱ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कोणाला लागलं असेल, मानपानात काही राहून गेलं असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. आणि प्रोजेक्टरवाले भाऊ, ते ध्वनिमुद्रण आत्ताच पुसा. पुसून होईपर्यंत मी इथेच बसते.