मास्तर आणि मुनींचा शेवटचा वाद

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो ते आमचे मास्तर, सोबत आलेल्या त्यांच्या सौभाग्यवती आणि कन्या, आणि चहा गार होतोय हे ठाऊक असूनही जागा न सोडणाऱ्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

मास्तरांनी कुठल्याही शाळेत शिकवलेलं नाही. आम्ही लिहिलेलं सॉफ्टवेअर ते तपासायचे आणि बहुतेक वेळा नापास करायचे, म्हणून ते मास्तर. माझं टेबल त्यांच्या समोर. त्यामुळे त्यांच्या भुवया मी वाचायला शिकले. डावी वर गेली, की आपलं काही खरं नाही!

त्यांच्या शेजारी मुनी बसायचे. ते इतरांशी फार कमी बोलत, म्हणून मुनी. आपला डीबगर त्यांनी लिहिला. दोघं दिवसभर भांडायचे आणि दुपारी एकाच डब्यातून जेवायचे. आज मुनी या सभागृहात नाहीत. त्यांच्याबद्दल बोलू की नको, असं मी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "बोलणार असाल तर तेच बोला. माझं कौतुक इतर करतीलच."

पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगते. डीबगर म्हणजे चालता प्रोग्रॅम थांबवून एकेक ओळ पुढे नेणारं साधन. मधेच बाहेरून सिग्नल, म्हणजे तातडीचा निरोप आला, तर प्रोग्रॅम हातातलं काम सोडून हँडलर नावाच्या तुकड्याकडे धावतो आणि तिथलं उरकून परत येतो. या धावपळीत डीबगर त्याचं बोट सोडतो का, हे मास्तर तपासत होते. त्या दिवशी त्यांनी दोन सिग्नल एकदम सोडले.

"पहिल्या हँडलरमधून निघाला की मूळ ओळीवर यायला हवा," मास्तर म्हणाले. "तुमचा डीबगर मला दुसऱ्या हँडलरमध्ये नेऊन उभा करतोय. नापास."

"प्रोग्रॅम तिथेच जातो, मास्तर. दुसरं काम उरकल्याशिवाय मागे येईल कसा? तुमचा पेपरच चुकलाय."

"पेपर काढायला मला शिकवू नका!"

मुनींनी न उघडलेला डबा पिशवीत घातला आणि ते निघून गेले. मास्तरांनी मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. पहाटे हृदयविकाराचा झटका आला, मुनी गेले.

पुढे वरून विचारणा झाली. काम नापास आहे, करणारा माणूसही राहिला नाही, तर तो भाग काढून नवा लिहावा का? मास्तर म्हणाले, "मला एकदा पाहू द्या." त्यांनी डीबगर बाजूला ठेवला आणि प्रोग्रॅमलाच स्वतःची वाट पडद्यावर छापायला लावली. पहिल्या हँडलरमधून तो थेट दुसऱ्यात गेला आणि मगच मूळ ओळीवर आला. डीबगर खरं तेच दाखवत होता. मास्तरांनी मला पडद्याजवळ बोलावलं. मग मला म्हणाले, "अहो, पेपर चुकला होता."

त्यांनी चाचणी दुरुस्त केली. मुनींचं काम जसंच्या तसं राहिलं. आपण सगळे आजही तेच वापरतो.

मग ते मुनींच्या पत्नीला, म्हणजे वहिनींना भेटायला गेले. एकट्याने जाववेना, म्हणून मलाही सोबत नेलं. दारातच म्हणाले, "वहिनी, मुनी बरोबर होते. चूक माझी होती."

वहिनी म्हणाल्या, "हे त्यांना सांगायचं होतंत. त्या दिवशी डबा तसाच परत आला होता."

आम्ही निघालो तेव्हा त्यांनी विचारलं, "मला त्यांचं ते काम दाखवाल का?"

त्या ऑफिसात आल्या आणि मुनींच्या खुर्चीत बसल्या. मास्तर बाजूला उभे राहिले आणि कुठलं बटण दाबायचं ते दाखवत गेले. वहिनींनी एकेक ओळ पुढे नेली, पहिला हँडलर, मग दुसरा, मग मूळ ओळ.

"एवढंच?"

"एवढंच, वहिनी."

"एवढ्यासाठी भांडलात?"

मास्तर तिथेच, सगळ्यांसमोर रडले. वहिनींनी त्यांना रडू दिलं. मग म्हणाल्या, "त्या रात्री मी त्यांना विचारलं होतं, काय बिनसलंय? म्हणाले, काही नाही. मास्तर स्वतः करून बघतील, मग त्यांना पटेल."

मास्तर, यापुढे तुमच्या दोघांच्या खुर्च्या आमच्यासमोर रिकाम्या असतील. आम्हाला जमेल तसं आम्ही काम करू. तुम्हाला स्वस्थ दिवस लाभोत.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. आनंदाच्या प्रसंगी डोळे ओले केले असतील, कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्यावं, ही विनंती करते आणि थांबते.